यशवानं वही का जाळली

बोरी बुद्रुक,
मे २००६

प्रिय रत्ना,

सप्रेम जय भीम. पाकिटावरचं अक्षर तुला ओळखता आलं नसेल. माझं पत्र म्हटल्यावर आधी तुझ्या आईची काळजी वाटेल, म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो. ती ठणठणीत आहे. आत्ता अंगणात शेजारणीशी लोणच्याच्या कैऱ्यांवरून वाद घालतेय आणि जिंकतेय. मीही बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण गिरणीच्या पट्ट्याइतके नाहीत.

पत्रास कारण की, असं लिहून लोक कारण सांगून मोकळे होतात. मला ते एकदम जमायचं नाही, सावकाश येतो त्याच्यावर. मागच्या रविवारी तू आईला फोन केलास तेव्हा मी पडवीत मोटारीचा बेअरिंग पुसत बसलो होतो. तुझी आई रिसिव्हर कानापासून वीतभर लांब धरते, तुला माहीत आहे. माझे कान अजून शाबूत आहेत. तू म्हणालीस, चौथा भाग होणार नाही. प्रकाशक दोन वर्षं थांबलाय, वाचकांची पत्रं येतात, आणि सगळे एकच विचारतात, यशवानं पोरीची वही का जाळली? पुढं म्हणालीस, "मलाच माहीत नाही, आई, तर लिहू काय?" मग घरात सगळे बरे आहेत ना, असं विचारलंस. दहा वर्षं तू तेच विचारतेस. त्या सगळ्यांत मी येतो, असं मी धरून चालतो.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तिकडचे वाचक तुला पत्रं लिहितात, त्यामुळे त्यांचं म्हणणं तुला कळतं. इकडचे वाचक पीठ घेऊन घरी जातात. त्यांचं म्हणणं तुझ्यापर्यंत कोण पोचवणार? म्हणून हे लिहायला घेतलंय. लाईट गेली की थोडं थोडं लिहितो. मध्येच तुटल्यासारखं वाटलं, तर समजायचं की लाईट आली.

तुला वाटेल, गिरणीत वाचक कुठून आले. मागच्या वर्षीपासून भारनियमन ठरलेल्या वेळेचं झालं. चार-चार तास गिरणी बंद. बायका डबे रांगेत ठेवून जायच्या नि लाईट आली की सगळ्या एकदम यायच्या, मग भांडणं. शाळेतून रिटायर झालेल्या जानकाबाई एकदा त्या रांगेत बसल्या होत्या. पिशवीत पुस्तक होतं. बाजूच्या दोघी म्हणाल्या, बाई, मोठ्यानं वाचा की, आम्हाला तरी काय काम आहे. ते पुस्तक तुझं होतं, 'दोन सूर्यांचं गाव'चा पहिला भाग. आता लाईट जायच्या वेळेला लोक मुद्दाम डबा घेऊन येतात. पाच किलो एकदम दळायचे ते दोन-दोन किलो आणतात. माझं काम वाढलं, पण तक्रार नाही.

पुस्तकावर तुझं टोपणनाव आहे. ते तुझं आहे हे गावात तीन माणसांना माहीत आहे. मी, तुझी आई आणि जानकाबाई. बाकीच्यांच्या लेखी पुण्याकडची कुणी शिकलेली बाई आहे. त्यामुळे बोलताना कुणी हातचं राखून बोलत नाही. आणि गिरणीवाला आयुष्यभर घरघरीत राहून बहिरा झाला असणार अशी लोकांची पक्की समजूत आहे. ती मी कधी मोडली नाही. तिच्यामुळे मला या गावातलं सगळं माहीत आहे.

तर तुझी गोष्ट गावाच्या डोक्यात कशी बसलीय ते सांगतो. धरणाखाली गाव गेलेली माणसं यानात बसून दोन सूर्य असलेल्या ग्रहावर जातात. तिथं हवा नाही, म्हणून हवा करणारं एक मोठं यंत्र आहे, आणि ते यशवा सांभाळतो. त्याची पोरगी आकाश बघून रोज वहीत लिहिते. एक दिवस यशवा ती वही यंत्राच्या भट्टीत टाकतो आणि म्हणतो, वाचलीय मी, जाळायच्याच लायकीची होती. पोरगी पहिल्याच यानानं निघून जाते. पहिला भाग तिथं संपतो.

पहिल्या भागावर लोक खूष. वरच्या आळीच्या धोंडाबाई दोन सूर्यांवर फिदा झाल्या. त्यांचं म्हणणं, तिथल्या बायका नशिबाच्या, कुरडया एका दिवसात वाळत असतील. कुंडलिकनं मात्र हरकत घेतली. त्याचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, त्यामुळे तो सगळं टोमॅटोवरून मोजतो. त्याचा मुद्दा असा, की दोन सूर्य असल्यावर रात्रच व्हायची नाही, रात्र नाही तर झाड झोपणार कधी? लेखिकेनं शेती केलेली नाही, असा त्यानं निकाल दिला. पुढं दुसऱ्या भागात तू पिकांवर सावलीचं कापड घातलंस, तेव्हा तो छाती काढून सगळ्यांना सांगत होता, "बघा, माझं आयकलं का न्हाई बाईनं." दुसरा भाग छापून तेव्हा चार वर्षं झाली होती. मी त्याचा गहू तोलत राहिलो. माणूस खुशीत होता. जवळच्या खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या तबकड्या त्या दोन सूर्यांचंच ऐकत असणार, हेही त्यानं परस्पर ठरवून टाकलंय.

दुसऱ्या भागावर लोक नाराज आहेत, हे लपवत नाही. सुरवातीची चाळीस पानं वसाहतीच्या बैठकाच चालल्यात. बायका म्हणाल्या, ग्रामसभा काय गावात कमी आहेत? धोंडाबाई म्हणाल्या, पावणं वाढलं की कालवणात पाणी घालतात तसं केलंय. पण जमिनीखाली पाणी लागतं तो प्रसंग जानकाबाईंनी वाचला तेव्हा मध्येच लाईट आली. मी मोटार चालू केली, तर सगळ्यांनी हातानं खुणा करून बंद करायला लावली. दहा मिनिटं लाईट असून गिरणी बंद. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. नंतर माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाजरी दळल्यावर दगड साफ न करताच कुंडलिकचा गहू सोडला. आठ दिवस तो करड्या पोळ्या खात होता. हाही एक अभिप्रायच समज.

आता मुख्य गोष्ट, वहीची. तू म्हणालीस की सगळे तेच विचारतात. इथंही तेच. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी तो विषय काढतंच. कुंडलिकच्या मते यशवा घाबरला होता, पोरगी हुशार झाली की घर सुटतं. एकानं सांगितलं, वहीत यंत्राची काहीतरी गुपितं असतील. धोंडाबाई म्हणाल्या, पुरुषाची जात, आपल्याला न येणारं बाईनं केलं की डोळ्यांत खुपतं. जानकाबाईंना विचारलं तर त्या चष्मा पुसत बसल्या. पुस्तकात लिहिलेलं नाही तर मी कुठून सांगू, एवढंच म्हणाल्या. एकदा कुणीतरी मलाही विचारलं. मी कानाला हात लावून दाखवला, ऐकू आलं नाही म्हणून.

रत्ना, यशवा कोण ते मला पहिल्याच भागात कळलं. तो यंत्राला लोखंडी सळई टेकवतो, दुसरं टोक कानाला लावतो आणि आतलं काय झिजलंय ते सांगतो. मोटारीला स्क्रू-ड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाला धरणारा माणूस या पंचक्रोशीत एकच आहे. मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा थोडं बरंच वाटलं. एवढ्या लांबच्या ग्रहावर तू मला कामाला तरी लावलंस. नंतर भट्टीचं पान आलं.

तिसरा भाग आम्ही यंदा फेब्रुवारीत वाचला. पोरगी सोळा वर्षांनी परत येते, आणि यानतळावरचा माणूस तिला सांगतो, 'यशवा मागच्या थंडीत गेला. यंत्र चालू होतं.' एवढंच. पुढच्या ओळीपासून धूमकेतूचं सुरू. जानकाबाई त्या पानाशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी ते घरी आधीच वाचलेलं असणार. पुस्तक माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "सोमनाथ, पुढचं तुमी वाचा, माझा घसा बसलाय." घसा चांगला होता, मघाशीच दोघींना गप्प बसा म्हणून ओरडल्या होत्या. मी पिठाचे हात झटकले आणि वाचलं. एकोणीस माणसं होती. ती ओळ वाचली, पुढचं धूमकेतूचं पानही वाचून काढलं. आवाज कुठं अडला नाही.

धूमकेतूकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. हे लोक यशवाला पहिल्या भागापासून शिव्या घालत आलेत, बरं का. मग धोंडाबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाईनं घाई केली. मारायच्या आधी एकदा इचारायचं तरी व्हतं, का केलंस म्हणून." कुंडलिक म्हणाला, त्याच्यावरच तर सगळं पुस्तक चाललंय, पण विचारलं कुणीच नाही. कुंडलिकला माहीत नव्हतं तो कुणाबद्दल बोलतोय. धोंडाबाईंना बहुतेक माहीत असावं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात, आणि हळू बोललेलं मला ऐकू येतं हेही त्यांना कळलेलं दिसतंय.

त्या दोघांचं म्हणणं एका बाबतीत खरं नाही. विचारलं होतं. तू विचारलं होतंस.

एप्रिल शहाण्णव. तुझी बी.एस्सी.ची परीक्षा झाली होती. घरात टेबल नव्हतं म्हणून परीक्षेआधी तू दुपारी गिरणीत, गव्हाच्या पोत्यांवर फळी टाकून लिहायचीस. कागद सोसायटीच्या ऑफिसातले, एका बाजूला छापलेले जुने फॉर्म, कोऱ्या बाजूवर लिहायचीस. तसलेच फॉर्म मी डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसाठी आणायचो. तुझा गठ्ठा आणि माझा गठ्ठा एकाच फळीवर. माझा संपला तेव्हा मी हात घातला तो तुझ्या गठ्ठ्यात. चार चार तुकडे करून, वरून तांबड्या पेन्सिलीनं नाव आणि वजन. तीन आठवडे तुझी गोष्ट गावभर डब्यांवरून फिरत होती. तेव्हा तू परीक्षेसाठी मैत्रिणीकडं नारायणगावात होतीस. आलीस आणि धोंडाबाईंच्याच डब्यावर तुला चाळिसावं पान दिसलं. तुझ्या ओळींवर आडवी तांबडी पेन्सिल. मास्तर चुकीचं गणित खोडतात तशी.

तू ओरडली नाहीस. चिठ्ठी घेऊन आलीस आणि विचारलंस, "आबा, हे तुम्ही वाचलं होतं?"

मी हो म्हणालो. वाचलंय, काही कामाचं नव्हतं ते, असं म्हणालो. तू माझ्याकडं बघितलंस, चिठ्ठी परत डब्यावर नीट चिकटवलीस, आणि आठ दिवसांत पुण्याला नोकरीवर गेलीस. गिरणीत चार बायका होत्या. त्या हसल्यासुद्धा. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, उद्या सांगू. तू एसटीत बसलीस तेव्हा मी स्टँडवर होतो, रसवंतीच्या मागं. तुला दिसलो नसेन.

तुझ्या सगळ्या वाचकांना जे हवंय ते आता सांगतो. पोरी, मला वाचता येत नव्हतं.

सातवी झालोय असं मी तुला सांगत आलो. दुसरीत शाळा सुटली. बाप गेला, मी नारायणगावात ऑइल इंजिनच्या दुकानात फडकी धुवायला लागलो. इंजिन ऐकून शिकलो. हिशेब तोंडी. गावातली नावं चिठ्ठीवर काढता यायची. माणसं जशी तोंडावरून ओळखू येतात तशी नावं ओळखायचो, वाचायचो नाही. तू लहानपणापासून मला पेपर वाचताना बघितलंस, मी तो नुसता धरायचो. बातम्या सकाळी रेडिओवर ऐकलेल्या असायच्या, त्या तुम्हाला सांगायचो. तुझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायचो, ती सही म्हणजे माझ्यासाठी एक चित्र होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, हातात पुस्तक असलेला. त्याच्याखाली बसून कसं सांगणार होतो? आपल्या आळीत न शिकलेला म्हातारा चालतो, पण माझ्या वयाचा, स्वतःची गिरणी असलेला, मीटिंगला पहिल्या रांगेत बसणारा नाही चालत. तुझ्या आईला माहीत होतं. तिच्याकडून मी शब्द घेतला होता, आणि तो तिनं पाळला. त्याबद्दल तिच्यावर रागावू नकोस. तुझे कागद माझ्या हातात आले तेव्हा एकीकडं छापलेलं होतं, दुसरीकडं हातानं लिहिलेलं. माझ्या लेखी दोन्ही नुसतं काळं होतं. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणालो असतो, तर चार बायकांसमोर आणि तुझ्यासमोर उघडा पडलो असतो. हो म्हटल्यानं तू जाशील हे कळलं नाही. बाकी सगळं कळणारा माणूस म्हणून गावात माझं नाव आहे.

तू गेल्यावर गठ्ठ्यातली सदतीस पानं उरली होती. ती घेऊन मी जानकाबाईंकडं गेलो, दाराला आतून कडी लावून म्हणालो, एवढं वाचून दाखवा. त्या म्हणाल्या, वाचून दाखवणार नाही, शिकवीन. पावणेदोन वर्षं लागली. तुझ्याच पानांवर शिकलो. पहिला शब्द लागला तो 'दोन'. सूर्य पुष्कळ उशिरा उगवला. शेवटी सगळी पानं एका बैठकीत वाचता आली. त्या पानांतला यशवा वेगळाच आहे, तुझ्या तरी लक्षात आहे का? तो पोरीला खांद्यावर घेऊन यंत्राच्या टाकीवर चढतो आणि दुसरा सूर्य उगवताना दाखवतो. पोरगी त्याला ताऱ्यांची नावं सांगते आणि तो म्हणतो, पुन्हा सांग, मी विसरतो. भट्टी नाही, काही नाही. पुस्तकातला यशवा लोक तुझा समजतात, पण त्याला मी घडवलाय. आणि पहिल्याला मी पाच-पाच किलोच्या डब्यांवर वाटून टाकला.

हे तेव्हाच का कळवलं नाही, असं विचारशील. वाचायला शिकलो तरी लिहायला हात वळत नव्हता, आणि दुसऱ्याच्या हातानं लिहून घ्यायची ही गोष्ट नव्हती. हेही खरं कारण नाही म्हणा. लाज वाटत होती. पण रविवारी तुझा आवाज ऐकला. माझ्या लाजेपायी तुझं पुस्तक अडून राहिलंय, हे मला चालायचं नाही. वाचक म्हणून माझं मत एवढंच, की यशवाला जिवंत करू नकोस. ते कुणाला पटणार नाही, कुंडलिक तर हसेल. मेलेला राहू दे. फक्त पोरीला कुणाकडून तरी कळू दे, की त्यानं ती वही वाचलेलीच नव्हती. ते कारण तुझं आहे, हवं तसं वापर. चौथा भाग लिही. हे पत्र मी जानकाबाईंना दाखवलेलं नाही. चुका असतील, त्या माझ्या आहेत. सदतीस पानं माझ्याजवळ नीट आहेत, पण पोस्टानं पाठवायला मन होत नाही. या महिन्यात आमच्याकडं शनिवारी दहा ते दोन लाईट नसते. मी रिकामाच असतो.

तुझाच,
आबा